पहिला हात

बेबीताईंनी चंद्रशेखरच्या हातातला डाव काढून घेतला.

“खीर ढवळायची असती, उपसायची नसती. जा, तुझं भाषण ढवळ.”

चंद्रशेखर हसला. न्यूझीलंडमधल्या अप्पर हट गावच्या त्या भाड्याच्या हॉलमध्ये दर रविवारी बौद्ध मंडळाची वंदना होई. तो मंडळाचा सेक्रेटरी, पण स्वयंपाकघरात बेबीताईंपुढे त्याला कोण विचारतो!

“मैत्रेय नाही आला, ताई? शुगर कशी आहे त्याची?”

“बरी हाय.”

“बायकोनं कारल्याचा रस दिलाय त्याच्यासाठी.”

“ठेव तिथं.”

घरी फ्रीजमध्ये दुधाला जागा उरली नव्हती, एवढा कारल्याचा रस साठला होता. शुगरची थाप बेबीताईंचीच. स्टेशनच्या टॉयलेटमध्ये मैत्रेय निळा पडलेला सापडला होता, दंडात सुई तशीच. अँब्युलन्सवाल्यांनी नाकात औषध फवारलं तेव्हा कुठे श्वास परतला. हे काय चारचौघांत सांगायचं? वेलिंग्टनला मोठ्या पगारावर असलेला आयटीवाला, बेबीताईंचा मुलगा! शुगर उतरली, चक्कर आली, विषय संपला. तर अख्खं मंडळ डॉक्टर होऊन बसलं. व्यसन सोडवायच्या उपचारासाठी नाव लावलं होतं, पण ती रांग मुंगीच्या पावलानं चालली होती. “मी थांबते त्याच्याजवळ,” असं आज सून म्हणत होती. दोघंही दिसली नाहीत तर लोकांना आयतंच कोलीत, म्हणून बेबीताईंनी तिला दटावून बरोबर आणलं होतं.

वंदना झाली. पाचवं शील, नशेपासून दूर राहण्याचं, बेबीताईंनी नेहमीसारखं खणखणीत म्हटलं. मागच्या रांगेत सून, धम्मदीना, मान खाली घालून फोनकडे बघत होती.

चंद्रशेखर उभा राहिला.

“स्टेशनजवळ काय उघडायचं चाललंय, ऐकलंत ना? गर्दुल्ल्यांसाठी खोली. नशा आपली आपण आणायची आणि नर्ससमोर बसून टोचून घ्यायची. वर खर्च आपल्या टॅक्समधून! उद्या काउन्सिलपुढे समाज म्हणून आपण विरोध नोंदवायचा.”

“पण तिथं कुणी मरत नाही ना,” धम्मदीना म्हणाली.

“अगं, त्यांना मरायचीच हौस असते. आईबापांनी वळण लावलं नाही, की हे असं होतं. आपल्यात आहे का एक तरी तसला?”

बेबीताईंच्या कानशिलावरची शीर उडाली. वळण! याच्या पोराला अजून ताटातलं संपवता येत नाही, आणि हा वळण शिकवतोय. उत्तर अगदी जिभेवर आलं. त्यांनी ते गिळलं.

“तर मग, विरोध मान्य असणाऱ्यांनी हात वर करा.”

कुणीच हात वर केला नाही. मंडळाची रीतच होती तशी. बुद्ध पौर्णिमेचं जेवण ठरवायचं असो की हॉल बदलायचा असो, पहिला हात बेबीताईंचा. तो उठला की बाकीचे. या मानाचा त्यांना केवढा गर्व होता!

“ताई,” चंद्रशेखर म्हणाला.

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. धम्मदीनानं फोन कानाला लावला, थांबली, खाली घेतला, पुन्हा लावला. बेबीताईंनी तिच्याकडे पाहिलं. तिनं नुसती मान हलवली. मैत्रेय फोन उचलत नव्हता.

“ताई, तुमच्यासाठी थांबलेत सगळे.”

“दिसतंय मला. आंधळी हाय का मी?”

त्यांनी पदर सारखा केला. पर्समधून गाडीची चावी काढली आणि सुनेपुढे धरली.

“जा तू. पळ.”

धम्मदीना चपला हातात घेऊनच धावली. बाहेर गाडी सुरू होऊन रस्त्याला लागली. बेबीताईंचे दोन्ही हात मांडीवर होते, एकमेकांत घट्ट अडकवलेले.

“चंद्रशेखर, तू एवढं वाचून आलायस म्हणून विचारते.”

“विचारा ना, ताई.”

“ती खोली रविवारी उघडी असणार हाय का?”