मेलेली राणी उठून गेली

हौशी नाटकमंडळीत तिला सगळे राणीच म्हणत, कारण दर नाटकात राणीची भूमिका तिच्याच गळ्यात पडायची. त्या प्रयोगात तिला विष पिऊन मरायचं होतं आणि पडदा पडेपर्यंत निपचित पडून राहायचं होतं. मेली तर ती झकास. पण राजाचा विलाप रंगात आला आणि ओटीपोटात अशी कळ उठली की राणी ताडकन उठली, झगा सावरत विंगेत पळाली. प्रेक्षक पोट धरधरून हसले.

"वहिनी, मेलेल्या माणसानं निदान सरपटत तरी जावं!" दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला. तो तिचा धाकटा दीर.

"तुला काय जातंय बोलायला? इथे आग लागलीय माझ्या पोटात."

आग जुनीच होती. दर वेळी लघवीचा जंतुसंसर्ग म्हणून गोळ्या मिळायच्या, तपासणीत मात्र जंतू औषधालाही सापडायचा नाही. शेवटी दिरानंच तिला मूत्रविकारांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बोलता बोलता राणी सारखी बाटलीतून पाण्याचा घोट घेत होती. बाईंनी ते हेरलं.

"तोंड सुकतं का हो? डोळे चुरचुरतात?"

"वाळू गेल्यासारखे. रडायच्या प्रवेशात टिपूस येत नाही म्हणून हा ओरडतो माझ्यावर."

"मला वाटलं, अभिनयच कच्चा," दीर ओशाळून पुटपुटला.

तपासण्या झाल्या आणि उलगडा झाला. रोगांशी लढणारी शरीराची फौज तिच्या स्वतःच्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर चालून गेली होती, आणि मूत्राशयाची सूज त्याच दुखण्याच्या पोटातली होती. मुळासकट जाणार नाही, पण कह्यात राहील, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. "मनाचे खेळ आहेत" हे ऐकून राणीचे कान किटले होते. दुखणं खरं ठरलं, यातच तिचा निम्मा जीव भांड्यात पडला.

गोळ्या सुरू झाल्या, कॉफी सुटली, ताठरलेले स्नायू सैल करायचे व्यायाम आले. शिवाय दर आठवड्याला बारीक नळीतून मूत्राशयात औषध सोडायचं आणि ते धरून पडून राहायचं. पहिल्या खेपेला तिनं नर्सचा हात असा आवळला की ओरडली ती नर्सच. हळूहळू कळा विरळ झाल्या, सलग झोप लागू लागली. मग नुसतं पडून कंटाळा यायला लागला, तेव्हा तिनं नव्या नाटकाची संहिता आणली. खलनायकाचे संवाद नर्सच्या वाट्याला आले.

एकदा बाई आत आल्या, तर नर्स मुठी वळून गरजत होती, "आता तुझी सुटका नाही!"

"अगं, काय चाललंय काय?"

"थांबा हो बाई," राणी पडल्या पडल्या म्हणाली, "तिला आत्ता कुठे सूर सापडलाय."

बाईंनी दार लोटलं, स्टूल पुढे ओढलं. पुढच्या पानावर न्यायाधीश होता. तो त्यांनी घसा खाकरून वाचायला घेतला.