माया सोडून

मंगळवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी पहिली तक्रार आली. जाकीट अंगात शिरत नव्हतं. दुपारी साडेबारापर्यंत अशा सात तक्रारी जमल्या, आणि सातही जणींचं म्हणणं एकच होतं: मापं नीट घेतली, पॅटर्नप्रमाणे कापलं, शिवलं, आणि जाकीट छातीत आवळतंय.

धाकटीनं त्या ओळीनं वाचल्या. पंखा गरम हवा या भिंतीकडून त्या भिंतीकडे नेत होता. चौदा महिन्यांपूर्वी ती आणि तिचा नवरा या बेटावर आले, ते "लॅपटॉप आणि इंटरनेट असलं की कुठूनही करता येतं" या वाक्याच्या भरवशावर. वाक्य नवऱ्याचं होतं. काम असं होतं: धाकटीची थोरली बहीण, ताई, तिकडे आपल्या शिवणाच्या दुकानात बसून कपड्यांचे पॅटर्न कागदावर काढायची आणि त्यांचे फोटो पाठवायची. धाकटी ते कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची, सोबतच्या सूचना लिहायची. वेबसाइट नवरा बघायचा. गिऱ्हाइकानं फाइल घ्यायची, घरी छापायची आणि कागद कापडावर ठेवून कात्री चालवायची. वेबसाइटच्या पहिल्या पानावर समुद्राकडे तोंड केलेली आरामखुर्ची आणि तिच्यावर लॅपटॉप, असा फोटो होता. खुर्ची एका हॉटेलची होती आणि फोटो काढल्याबरोबर तिथल्या माणसानं यांना उठवलं होतं. राहत्या खोलीच्या खिडकीतून सिमेंटच्या गोदामाची मागची भिंत दिसायची. समुद्र वीस मिनिटांवर होता, पण तो बघून धाकटीला चार महिने झाले होते.

"छापताना कागदाचं माप बदललं असणार," नवरा म्हणाला. "लोक शंभर टक्क्यांवर छापतच नाहीत. ठरलेलं उत्तर आहे, पाठवून दे."

"सातही जणींचं बदललं?"

"अगं, लोक सूचना वाचत नाहीत. तू वाचतेस का कधी? मिक्सरची तरी वाचली होतीस?"

तिनं ठरलेलं उत्तर सात ठिकाणी चिकटवलं. बुधवारी सकाळी आणखी अकरा आल्या. अकरांनाही तेच पाठवायचं म्हणून ती बसली, आणि नवव्या पत्रावर तिचा हात थांबला.

"जाकीट माझ्या आईच्या शालीचं कापलं," एका बाईनं लिहिलं होतं. "आई मार्चमध्ये गेली. तिची तेवढीच एक वस्तू मी मागून घेतली होती. तुमच्या सूचना तीनदा वाचल्या. छपाईचं माप पट्टी लावून तपासलं, बरोबर आहे. माझं काय चुकलं तेवढं सांगा."

धाकटीनं लॅपटॉप मिटला. कपाटाच्या तळातून कात्री काढली. खाऱ्या हवेनं तिच्या पात्यांवर तांबूस गंजाचे ठिपके धरले होते. वर्षभरात ती कुणी उघडली नव्हती. जुनी चादर जमिनीवर अंथरून तिनं पॅटर्न छापला, टाचण्या लावल्या आणि कापायला बसली. ताईच्या दुकानात अकरा वर्षं तिनं मापं घेतली होती, कपडे अंगावर चढवून बघितले होते, गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली होती. गुडघे दुखायला लागले तसं तिच्या लक्षात आलं, की इथे आल्यापासून आपण कपड्यांबद्दल नुसतं लिहितोय.

तीन वाजून दहा मिनिटांनी तिनं दोन तुकडे एकमेकांवर ठेवले, अर्ध्या इंचावर शिवणीची रेघ मारली आणि टेप लावला. मग पुन्हा लावला. दोन इंच कमी. बाजूच्या दोन शिवणी, त्यांच्या चार कडा, आणि प्रत्येक कडेला अर्धा इंच कापडच नव्हतं.

शिवणीच्या पलीकडे जे जादा कापड सोडतात, त्याला शिवणकामात माया म्हणतात. ती असली तर कपडा पुढे उसवून वाढवता येतो, नसली तर कात्रीनं एकदा कापलं ते कापलं. धाकटीनं जाकिटाच्या सूचनांत पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: "पॅटर्नमध्ये माया धरलेली आहे. रेषेवरच कापावे."

तिनं ताईचा तीन आठवड्यांपूर्वीचा आवाजी निरोप काढला. तो तिनं तेव्हा दुप्पट वेगानं ऐकला होता. ताईचे सगळेच निरोप ती तसे ऐकायची, कारण ताई सुरुवात दुकानातल्या विजेपासून करायची आणि मुद्द्यावर चौथ्या मिनिटाला यायची. या वेळी तिनं साध्या वेगानं लावला.

"...आणि तू म्हणालीस ना, शिवणीची एक, कापायची एक, अशा दोन दोन रेषांनी लोक गोंधळतात, एकच दे. तशी एकच दिलीय. माया सोडून काढलाय हं. कळलं ना? नाही कळलं तर फोन कर."

माया सोडून. म्हणजे शिवणीबाहेर माया ठेवून काढलाय, की माया वगळून? दुकानात कुणी असं म्हटलं असतं तर कागदावर मान वाकवून एका नजरेत कळलं असतं. धाकटीनं निरोपाला अंगठा पाठवला होता. फोन केला नव्हता.

"सापडलं," ती बाहेरच्या खोलीत येऊन म्हणाली.

"मलाही सापडलं," नवरा म्हणाला. "म्हणजे निस्तरलं. पहिल्या पानावर जाहीर माफी टाकली, की थोबाड बंद होतं लोकांचं." त्यानं स्क्रीन तिच्याकडे वळवली. *पॅटर्न काढणाऱ्या व्यक्तीच्या चुकीमुळे झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. सुधारित फाइल लवकरच.*

"कधी टाकलंस?"

"दुपारी. एकच्या सुमाराला."

"पॅटर्न काढणारी व्यक्ती कोण आहे रे?"

"अगं, नाव कुठं घातलंय?"

"ती एकच व्यक्ती आहे. आणि तिच्या दुकानात काजवाली मावशी दिवसभर फोन हातात घेऊन बसलेली असते. काज कमी आणि वाचन जास्त."

नवरा खुर्चीत मागे रेलला. थकलेला तोही होता; सकाळपासून त्यानंही पानाखालच्या शेऱ्यांना तीसेक उत्तरं लिहिली होती. "मग काय लिहू? बायकोची चूक?"

"हो."

"लोक म्हणतील, यांना कामच कळत नाही."

"नाहीच कळत. कळत असतं तर विचारलं असतं."

तिनं ते पुसून स्वतः लिहिलं: पॅटर्न अचूक आहे, सूचना लिहिणाऱ्या बाईनं माया धरलीय असं चुकून लिहिलं, दोष पूर्णपणे तिचा. खाली नाव घातलं. अठरा जणींना वेगवेगळी पत्रं लिहिली. शालवालीला लिहायला तिला पाऊण तास लागला आणि पत्र चार ओळींचं झालं: "तुमचं काही चुकलं नाही. मी चुकले. शिवण उसवू नका, तुकडे फेकू नका. काय करता येईल ते बहिणीला विचारून सांगते."

मग तिनं ताईला फोन लावला. वाजून बंद झाला. बुधवारीच ताईकडून लहान मुलांच्या कोटाचे नवे पॅटर्न यायचे होते; तेही आले नव्हते. ताई आजवर एकदाही वार चुकली नव्हती. ताई दुखावलीय, हे धाकटीला लगेच समजलं, आणि नवऱ्याला समजायला रात्र झाली. ताईनं पेन्सिल खाली ठेवली तर या खोलीत दोन लॅपटॉप आणि एक पंखा उरत होता.

"दुसरं कुणी काढणारं बघू," जेवताना तो म्हणाला.

"बघ," ती म्हणाली, आणि तो पुन्हा त्या विषयावर बोलला नाही.

गुरुवारी तिनं दुकानाच्या नंबरवर फोन केला. काजवाली मावशीनं उचलला.

"कोण, बेटवाल्या बाई का? पोचली गं तुमची कीर्ती. मीच वाचून दाखवलं, पाप माझं. मला वाटलं, ताईंचं कौतुक छापून आलंय."

"मावशी, ते मी काढून टाकलं. दुसरं लिहिलंय."

"तेही वाचून दाखवलं."

"मग?"

"मग काय? म्हणाल्या, बोबीनमधला दोरा संपलाय, भर."

"ताईला फोन दे ना जरा."

पलीकडे मशीन थांबल्याचं ऐकू आलं. मावशीचा हात फोनवर असावा. काही शब्द अस्पष्ट, मग पुन्हा मशीन. "हातात काम आहे म्हणतायत."

"मावशी, एका बाईच्या शालीचं..."

"ठाऊक आहे. तुमच्या त्या पानावर तिनं खाली सगळं लिहिलं होतं, नंबरासकट. ताईंनी कालच तिला फोन केला. बराच वेळ बोलत होत्या. म्हणाल्या, कापलंय तसंच पाठव, दोरासुद्धा तोडू नकोस."

धाकटीनं मनात हिशेब केला. कालच, म्हणजे आपण फोन लावत होतो तेव्हाच.

"बाजूला पट्टी घालून जमेल का?" तिनं विचारलं.

"मला काय विचारतेस? मी काजं करते."

शुक्रवारी धाकटीनं ताईला एक निरोप ठेवला. त्यात विजेची चौकशी नव्हती, कारणं नव्हती. निरोप दुप्पट वेगानं ऐकला हे तिनं सांगितलं, अंगठा पाठवला तेव्हा अर्थ लागलेला नव्हता हेही सांगितलं, आणि यापुढे प्रत्येक पॅटर्नला फोन करीन म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "म्हणजे, तू काढणार असलीस तर."

शनिवारी पार्सल दुकानात पोचलं. संध्याकाळी सव्वाचारला मावशीनं आपणहून फोन केला, हळू आवाजात.

"शाल टेबलावर पसरलीय. दुपारपासून त्यातच आहेत. बाही जोडतात तिथं, मुंढ्यापाशी टाचण्या लावल्या, काढल्या, परत लावल्या. उरलेल्या चिंध्या जोडून पट्ट्या होतात का बघतायत. जेवल्या नाहीत."

"जमतंय का?"

"एक बाजू जमलीय म्हणतात. दुसरीला कापड पुरत नाही."

"आणि माझ्याबद्दल?"

"तिकडं किती वाजले, म्हणून विचारलं मघाशी. मी म्हटलं, मला काय ठाऊक, लावून देऊ का फोन? तर म्हणाल्या, नको, असू दे."

"आणि मुलांच्या कोटाचे पॅटर्न?"

"कागद काढून ठेवलाय," मावशी म्हणाली. "कोरा आहे."

रविवारी सकाळी अकरापर्यंत दुकानातून काही आलं नव्हतं. शुक्रवारचा निरोप ताईनं ऐकल्याची खूण फोनवर उमटली होती, उत्तर नव्हतं.