टिकलीचा असाई बाऊल

टिकली अकरा वर्षांची, आत्याची लाडकी भाची. शेंगदाण्याचा कण जरी पोटात गेला तरी तिचा घसा सुजायचा, श्वास कोंडायचा. म्हणून आत्या तिला चार दिवस समुद्रावर घेऊन निघाली तेव्हा वहिनीने, म्हणजे टिकलीच्या आईने, असं झालं तर मांडीत टोचायचं इंजेक्शनचं पेन आत्याच्या हातात दिलं आणि सरावाच्या पेनाने उशीवर बारा वेळा टोचायला लावलं. आत्या कपड्यांच्या दुकानात अल्टरेशन करायची. आयुष्य सुया टोचण्यात गेलेलं. बाराव्या वेळी ती मनात म्हणाली, पुरे की बाई आता.

टिकलीच्या डोक्यात एकच खूळ होतं, असाई बाऊल. ते जांभळट फळ गोठवून, मिक्सरमधून घट्ट काढून वाडग्यात देतात, वर केळ्याचे काप. मोबाइलवर बघून बघून तिने ध्यास घेतला होता. पहिल्या दिवशी मिळाला तो नुसतं रंगीत पाणी. दुसऱ्या दिवशी विचारलं तिथे फळ संपलेलं. तिसऱ्या दिवशी दुपारी, हॉटेलांच्या रांगेच्या पार टोकाला, एका छोट्या दुकानापुढे माणसांची झुंबड दिसली.

शेंगदाणे नाहीत ना, असं आत्याने विचारलं. दुकानदार मान वर न करता नाही म्हणाला. पण आधीच्या गिऱ्हाइकाच्या बाऊलसाठी त्याने मिक्सरच्या भांड्यात पीनट बटर घातलेलं तिने पाहिलं होतं. तेच भांडं त्याने नळाखाली नुसतं विसळलं आणि पुन्हा मशीनवर चढवलं. भांडं साबणाने धुवा, हे शब्द तिच्या अगदी ओठांवर आले. मागे माणसं ताटकळली होती, एक बाई सारखी घड्याळ बघत होती. आत्याला भीड पडली. विसळलंय की, असं तिने स्वतःला समजावलं.

तिसऱ्या घासाला टिकलीने चमचा खाली ठेवला.

"आत्या, जिभेला मुंग्या येतायत."

बघता बघता तिचे ओठ फुगले. मानेवर लाल गांधी उठल्या. ती खोकली, पुन्हा खोकली, आणि मग श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला. आत्याने तिला फरशीवर आडवं केलं, पिशवी उलटी केली. टॉवेल, गॉगल, कंगवा, आणि एकदाचं ते पेन. टोपण पहिल्या झटक्याला निघेना. दुसऱ्या झटक्याला निघालं. तिने पेन मांडीवर दाबलं आणि मोठ्याने आकडे मोजले. स्वतःचा आवाज तिला परक्यासारखा वाटला. रांगेतल्या घड्याळवाल्या बाईनेच तोवर अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली होती.

इंजेक्शन लागू पडायला किती मिनिटं गेली हे आत्याला कधीच सांगता आलं नाही. आधी शिट्टी मंदावली. मग टिकली रडायला लागली, आणि त्या रडण्याने आत्याच्या जिवात जीव आला.

दवाखान्यात डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घ्यायचं ठरवलं. आत्या बाहेरच्या बाकावर फोन घेऊन बसली. दुकानदार खोटं बोलला, एवढंच सांगितलं असतं तरी चाललं असतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण वहिनी फोनवर आली आणि आत्याच्या तोंडून सगळंच बाहेर पडलं.

"भांडं धुतलं नव्हतं, ते मी पाहिलं होतं. आणि मी बोलले नाही."

वहिनीने एवढंच विचारलं.

"इंजेक्शन लगेच दिलंत ना, ताई?"

"लगेच."

निघतेच मी, एवढं म्हणून वहिनीने फोन ठेवला. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं आत्याला वाटलं.

सकाळी वहिनी आली ती थेट लेकीच्या खाटेपाशी गेली. आत्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. डॉक्टरांनी घरी जायची परवानगी दिली. तिघी बाहेर पडल्या आणि टिकली हळूच म्हणाली, की तो बाऊल तिने धड खाल्लाच नाही. वहिनी रस्त्यातच थांबली. ती आता काय बोलणार याची आत्या वाट बघत राहिली.

"ताई, दुसरं दुकान तुम्ही शोधा," वहिनी म्हणाली. "आत जाऊन, डोळ्यांनी बघून या. आम्ही इथे बसतो."

पहिल्या दुकानाने आत्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. दुसऱ्याने हसण्यावारी नेलं. तिसरं दुकान एका जाड चष्म्याच्या बाईचं होतं. कपाळाला आठ्या घालून तिने सगळं ऐकून घेतलं आणि काउंटरची फळी उचलली. या आत, म्हणाली. तिच्याकडे शेंगदाणा नव्हताच. तरी आत्याने एकेक डबा उघडून पाहिला, पाकिटामागची बारीक अक्षरं दोनदा वाचली, भांडं साबणाने धुवायला लावलं आणि स्वतः पुन्हा धुतलं. मागे गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. आत्या वळली.

"थांबावं लागेल," ती म्हणाली, आणि केळं कापायचा चाकूही धुवायला घेतला.

टिकलीने पहिला चमचा तोंडात घातला तेव्हा बाकावर एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला आत्या. वहिनीच्या मुठीत नवं पेन होतं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. टिकली आंबट आहे म्हणाली आणि खात राहिली. वहिनीने पेन पर्समध्ये टाकलं, लेकीच्या हातून चमचा घेतला, एक घास खाल्ला आणि चमचा आत्यापुढे धरला.