वाकलेली रेघ

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती काचा घासायची, फ्रेममध्ये बसवायची आणि गर्दी असली की पुढे येऊन गिऱ्हाइकांचे डोळेही तपासायची. हात असा बसलेला की, ही रजेवर गेली की माझं दुकान आंधळं होतं, असं मालक म्हणायचा. रजा मात्र तिला वरचेवर लागायची. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस होता. यात शरीर आपल्याच मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडत राहतं. कुंपणच शेत खातं म्हणायचं, असं ती चारचौघांत हसून सांगायची.

आजार ताब्यात राहावा म्हणून एक दिवसाआड इंजेक्शन होतं, आणि ते नवरा द्यायचा. तो लिफ्ट दुरुस्त करणारा, दिवसभर ग्रीसमध्ये बरबटलेला. पण संध्याकाळी घरी आला की कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायचा, फ्रिजमधली सुई मुठीत धरून तिचा गारवा घालवायचा आणि बोटांनी चाचपत नवी जागा शोधायचा. इतक्या वर्षांत मांड्यांवर, पोटावर गाठी झाल्या होत्या. आता तुझ्यावर पार्किंगला जागा उरली नाही, म्हणायचा. ती हसायची. मग रात्रभर कणकण, अंगदुखी, आणि सकाळी पुन्हा दुकान.

म्हणून इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी सुईऐवजी रोजच्या गोळीचं नाव काढलं तेव्हा त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आतच ती हो म्हणाली. बाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. त्यांनी तिला खुर्चीत नीट बसायला लावलं आणि सगळं समजावून सांगितलं. पहिली गोळी इस्पितळातच घ्यायची, कारण तिने नाडी मंदावते. काही महिन्यांनी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा, कारण क्वचित कुणाच्या पडद्याला सूज येते. काहीही नवं जाणवलं तर त्याच दिवशी फोन करायचा. आणि गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. ती सुटली तर आजार दुप्पट जोराने उलटू शकतो.

"सुई बरी होती, असं वाटायची वेळ येऊ नये," बाई शेवटी म्हणाल्या.

पहिल्या गोळीच्या दिवशी तिच्या छातीला तारा लावून ठेवल्या होत्या. दुपारपर्यंत यंत्रावरचा आकडा उतरत गेला. नवरा शेजारी बसून त्या आकड्याकडे असा बघत होता, जणू दोन मजल्यांमध्ये लिफ्ट अडकली आहे आणि आत माणसं आहेत. तिला मात्र फक्त झोप येत होती. आकडा एका जागी थबकला, बराच वेळ हलला नाही, मग सावकाश वर चढू लागला. संध्याकाळी त्यांना घरी सोडलं.

पुढचे दिवस सुखाचे गेले. सकाळी चहाबरोबर एक गोळी, की झालं. कणकण गेली, गाठी विरू लागल्या, रजा थांबली. संध्याकाळी नवऱ्याला काय करावं ते सुचेना. हात धुऊन तो तिच्याजवळ येऊन बसायचा आणि उगाच विचारायचा, बरी आहेस ना. बरीच आहे, ती म्हणायची.

मग एक दिवस दुकानात एका म्हाताऱ्या सुताराला ती चौकटींच्या जाळीचा कागद दाखवत होती. एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि रेघा सरळ दिसतात का ते सांगायचं. कसं झाकायचं ते दाखवायला तिने स्वतःचा उजवा डोळा झाकला. ठिपक्याजवळच्या रेघा फुगलेल्या होत्या, खालून कुणी बोट लावून कागद वर ढकलावा तशा. तिने कागद पुसला. डोळा बदलून पाहिला. रेघा सरळ. पुन्हा बदलला. फुगलेल्या.

सुताराने सगळं ठीक दिसतं म्हणून सांगितलं. तिने मान डोलावली.

फुगलेल्या रेघांचा अर्थ तिला कुणी सांगायची गरज नव्हती. पण फोन केला तर गोळी बंद होणार, आणि मग फ्रिजमधली सुई. थकव्याने असेल, चार दिवस बघू, असं तिने ठरवलं. पुढच्या आठवड्यात इस्पितळातून फोन आला आणि नर्सने डोळे तपासले का म्हणून विचारलं. आमच्याच दुकानात तपासले, सगळं उत्तम आहे, ती म्हणाली. खोटं बोलताना आवाज जरासुद्धा हलला नाही, याचीच तिला जास्त भीती वाटली.

सुईच्या वेळापत्रकामुळे कधी न जमलेला समुद्रकिनारा त्यांनी त्याच महिन्यात गाठला. धक्क्यावरचा कठडा तिला लाटेसारखा वळलेला दिसत होता. नवरा फोटो काढत होता. ती त्याच्याकडे उजव्या डोळ्याने बघायला मान किंचित वळवायची, आणि त्याला वाटायचं, फोटोसाठीच वळवते आहे.

घरी परतल्यावर तिने कामाची पद्धत बदलली. काचेवर मधला बिंदू, म्हणजे बाहुलीसमोर यायची नेमकी जागा, करताना डावा डोळा मिटायची. कधी मिटायचं राहून जायचं. तिने बनवलेला चष्मा घेऊन एक बसड्रायव्हर दुसऱ्याच दिवशी परत आला. रागावला नव्हता, उलट स्वतःलाच दोष देत होता. सवय होईल म्हणून तो तसाच गाडीवर गेला होता. वळणावर फूटपाथची कड वाटली त्याहून जवळ निघाली, चाक वर चढलं, गाडीत उभे असलेले दोघे जण पडले. फार लागलं नाही कुणाला, तो म्हणाला.

तिने काचा यंत्रावर तपासल्या. दोन्ही बिंदू सरकलेले होते. तिने त्याच्यासमोर कबूल केलं की चूक माझी आहे, काचा बदलून दिल्या आणि मालकाला सांगून भर दुपारी घरी गेली.

नवरा आल्यावर तिने सगळं सांगितलं; जाळी, नर्स, कठडा, ड्रायव्हर. त्याने हातही धुतले नव्हते.

"सुई मी टोचायचो तेव्हा कुठे दुखतंय ते सांगायचीस," तो म्हणाला. "गोळी तुझ्या हातात आली, आणि मी परका झालो का गं?"

त्याने फोन उचलून तिच्यासमोर ठेवला.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. तपासणीत डाव्या डोळ्याच्या पडद्याला सूज निघाली. गोळी त्याच दिवशी बंद झाली. सूज बहुधा उतरेल, त्या म्हणाल्या. पण गोळीने कमी झालेल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वर आल्याशिवाय दुसरं औषध देता येणार नाही, आणि तोवरचे आठवडे कुठल्याच आडोशाशिवाय काढायचे आहेत. वेळेवर कळलं असतं तर फरक पडला असता का, असं नवऱ्याने विचारलं. बाईंनी फाइल मिटली आणि ते आता सांगता येणार नाही म्हणाल्या.

सूज खरंच उतरली. जाळी सरळ झाली, तशी तिने मालकाची माफी मागून पुन्हा काम सुरू केलं. महिना संपत आला, दुसरं औषध मात्र अजून सुरू झालं नव्हतं. शेजारणी म्हणाल्या, चेहऱ्यावर तेज आलंय. ती खोलीतून चालत जाताना नवरा हातातलं काम थांबवायचा आणि तिची पावलं ऐकायचा.

एका सकाळी ती अंघोळीला उभी राहिली, डावा पाय धारेखाली धरला आणि पाणी गार आहे म्हणून तिने गरम पाण्याचा नळ आणखी फिरवला. वाफ वर आली. तरी पाणी गारच लागत होतं. मग उजवा पाय धारेखाली आला, त्याला चटका बसला आणि तिने तो झटकन मागे घेतला. डावा पाय त्याच पाण्यात होता, घोट्यापर्यंत लालभडक, आणि त्याला काहीच कळत नव्हतं.

तिने नळ बंद केला. भिंतीला धरून उभी राहिली. एक क्षण तिला वाटलं, संध्याकाळपर्यंत थांबून बघावं.

मग तिने दाराची कडी काढली आणि नवऱ्याला हाक मारली.