शेठची सासू रडली

पिक्चरच्या धंद्याचं मला विचारू नका. नाव काढलं की अजून तोंड कडू होतं.

मी लालबागच्या एका मिलमध्ये साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचो. शाळा चौथी, तीपण धड नाय. पण चाळीच्या कलापथकाचे वग माझे. संयुक्त महाराष्ट्राची सभा असली की आधी आमचा वग, मग पुढाऱ्यांची भाषणं. भोईवाड्यात एकदा वग संपला नि एक इस्त्रीच्या कपड्यातला माणूस पुढं आला. गंगाधर. दादरच्या कुठल्याशा फिल्म कंपनीत म्यानेजर.

"बुधाजी, इथं काय सडतोयस? पिक्चर लिव. कथा-संवाद म्हणून पडद्यावर नाव लागेल. एक लागलं की दुसरं आपोआप येतं. साच्यावरनं सुटशील."

कोणाला नको असतं?

गोष्ट मनात तयारच होती. शेजारच्या कमळाकाकीचा दत्ताराम. छप्पनच्या जानेवारीत मोर्च्यात गेला तो परत आला नाय. गोळी लागली. मिसरूडसुद्धा नीट फुटलं नव्हतं पोराला. काकी तांदूळ निवडत बसलेली, मी जाऊन विचारलं, "काकी, दत्तूवर पिक्चर लिवू?"

"लिव रे. माझ्या झिलाचो एक फोटू नाय माझ्याकडे. आता तोंडसुदा नीट आठवणा नाय. पडद्यावर तरी दिसात."

"नाव पण तेच ठेवीन. दत्ताराम." शब्द दिला मी.

आता त्या कंपनीची रीत ऐका. गोष्ट शेठला ऐकवायची नाय, शेठच्या सासूला ऐकवायची. हेमचंद्र शेठचा सगळा पैसा सासरचा. म्हातारी रडली तर पिक्चर पास, नाय रडली तर उठा. गंगाधरनं जिन्यातच सांगून ठेवलं, "जोरात वाच. आईसाहेब रडायला लागल्या की थांबायचं नाय."

दिवाणखान्यात शेठ गादीवर आडवा. एका हातानं पायाची बोटं मोडतोय, त्याच हातानं भजी खातोय. म्हातारी पलंगावर. तिनं कवळी काढून वाटीतल्या पाण्यात ठेवली, तोंड मोकळं केलं नि म्हणाली, "हां, सुरू कर."

मी जीव तोडून सांगितलं. मोर्चा, घोषणा, गोळी, रस्त्यात पडलेली दत्तूची चप्पल. माझाच आवाज चिरकला. म्हातारी म्हणाली, "चहात आलं नाय का घातलं आज?"

गंगाधर मागनं पाठीत बोट खुपसतोय. मी पुढं सरकलो. दत्तूचा एक कोंबडा होता, तुरा बघून चाळीनं त्याला फौजदार नाव ठेवलेलं. दत्तू कामावरनं यायच्या वेळेला तो ग्यालरीच्या कठड्यावर चढून बसायचा. गोळी लागली त्या संध्याकाळीपण बसला. एवढंच. भाजीत मीठ टाकावं तसं टाकलेलं मी.

आणि म्हातारीनं भोकाड पसरलं! "अगं बाई, मुकं जनावर गं ते! त्याला कोण सांगणार?" नाकातनं, डोळ्यांतनं, पदर भिजला. शेठ उठून बसला.

"मिळाला पिक्चर! कोंबडा हिरो. गोळीबार काढून टाक, सेन्सॉरवाला तसापण कापणार. पोरगा जिवंत ठेव, त्याचं लग्न लाव. मरायचं ते कोंबड्यानं मरायचं."

"शेठ, पण दत्ताराम..."

"दत्ताराम नको, भाऊ. मोरीवाल्यासारखं वाटतं. दिलीपबिलीप ठेव."

भज्याचं तेल पुसायला त्यानं माझेच कागद घेतले. खाली रस्त्यावर आलो नि थुंकलो. गंगाधर हसला. "पहिल्या पिक्चरला सगळेच गिळतात रे. नाव तर लागतंय ना? आणि तो कोंबडा जिता आहे काय? खरा असला तर शूटिंगला घेऊ."

रविवारी सकाळी हा चाळीत हजर, हातात पिंजरा. मी काकीला काय बोललो नव्हतो. तोंडच नव्हतं. तिनं पिंजऱ्याकडं बघितलं.

"बुधाजी, हो माणूस कित्याक इलो?"

सगळं सांगितलं. कागदाला तेल पुसल्याचंपण. तिनं ऐकून घेतलं नि गंगाधरकडं वळली.

"कोंबड्याचो फोटू काढतलात?"

"हो आई! एवढा मोठा, पडदाभर."

"आणि माझ्या दत्तूचो?"

"ते... पुढच्या पिक्चरमध्ये बघू."

"बरां. कोंबडो खाली फिरता, दुपारी येतलो. तवसर बसा, जेवान जावा."

गंगाधर बसला. मला दिलीपचं लग्न कसं लावायचं ते समजवायला लागला. तेवढ्यात मागं मोरीकडनं पंखांची फडफड ऐकू आली. मग विळी ओढल्याचा आवाज. मला कळलं. उठून ओरडलो असतो तर कोंबडा वाचला असता, माझं नाव पडद्यावर होतं. मी म्हटलं, "हां गंगाधर, मग? वरात घोड्यावर काय?"

दुपारी रस्सा, तांदळाच्या भाकऱ्या. मी भाकरी मिठाशी खाल्ली. गंगाधर पाटावर बसून वरपतोय. "जरा चिवट आहे, पण काय चव आई! वा!" हाडं चोखली, मिशीवरनं रस्सा ओघळला, तोपण बोटानं चाटला.

"चला, आता आणा आपल्या हिरोला."

"तो?" काकी ताट उचलत म्हणाली. "तो तुझ्या पोटात गेलो."

गंगाधरनं ओकायला मोरी गाठली. पिंजरा इथंच सोडून गेला, चाळीतल्या बाया त्यात अजून कांदे ठेवतात.

काकीनं एक तंगडी नि भाकरीचा तुकडा आधीच बाजूला काढलेला. केळीच्या पानावर घालून तिनं ती दत्तूच्या नावाची वाडी कठड्यावर ठेवली, फौजदार बसायचा तिथंच.

"दत्तूक तंगडी आवडायची," म्हणाली.

कावळ्याची वाट बघत आम्ही दोघं उभे राहिलो. सोमवारी मी साच्यावर.