पाठीवरचा शब्द

मी एक बंडी बोलतेय. हिरवी, बिनबाह्यांची, गोल्फच्या मैदानावरची. माझ्या पाठीवर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द छापलाय, 'कॅडी'. त्यातलं पहिलं अक्षर उडालंय. दुसरं उडालं तरी आता मला त्याचं सोयरसुतक नाही.

ज्यांच्या अंगावर मी जन्म काढला, त्यांना सगळे तात्या म्हणत. खेळणाऱ्याच्या काठ्यांची अवजड पिशवी खांद्यावर वाहायची, कुठल्या काठीने मारावं ते हळूच सुचवायचं, उखडलेलं गवत पुन्हा बसवायचं, हे त्यांचं काम. समोरचा चेंडूवर वाकला की आपली सावली तिथे पडू द्यायची नाही आणि चेंडू थांबेपर्यंत तोंडातून ब्र काढायचा नाही, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं.

एकदा मला वाळत घालताना त्यांच्या लेकीने त्या शब्दाचं मूळ सांगितलं. "बाबा, हा फ्रेंचमधून आलाय. मूळ अर्थ, धाकटा मुलगा. घरदार थोरल्याला, म्हणून धाकटे फौजेत चाकरी धरायचे. पुढे स्कॉटलंडमध्ये निरोप-सामान पोचवणाऱ्या हरकाम्यांना तेच नाव पडलं, आणि मग गोल्फच्या पिशव्या वाहणाऱ्यांना."

"म्हणजे गावचं घर थोरल्या दादाला देऊन निघालो, तेव्हाच मी भरती झालो म्हण की!" तात्या हसले. हसता हसता त्यांनी मला उगाचच दोनदा झटकलं. ते हसू मला आवडलं नाही.

मग मैदानावर बॅटरीच्या गाड्या आल्या. पिशव्या आता गाडीत बसून हिंडणार होत्या, आणि चालवायला मोजकेच कॅडी ठेवणार होते. तात्या शेजारच्या टेम्पोवाल्याच्या हातापाया पडून गाडी शिकले. निवडीच्या दिवशी लेक म्हणाली, "बाबा, आज तरी मागे राहू नका हं."

"छे गं! सगळ्यांच्या पुढे असेन, बघ तू."

मॅनेजरसाहेब हिरवळीवर चेंडूशी सराव करत होते. "गाडीवर कोणाला यायचंय? पुढे या," म्हणाले आणि चेंडूवर वाकले.

सगळे सरसावले. तात्याही पुढे झाले. तेवढ्यात त्यांची सावली चेंडूवर पडली आणि ते झटकन मागे सरले.

साहेबांनी चेंडू टोलवला आणि बोट फिरवलं. "तू, तू आणि तू. झालं."

अहो तात्या, बोला की! त्यांची छाती धडधडत होती, ते मला कळत होतं. पण चेंडू अजून घरंगळत होता.

तो थांबल्यावर ते म्हणाले, "साहेब, मी..."

"तात्या, तुम्ही तर मागे सरलात. मला वाटलं, तुम्हाला नकोय. आता ठरलं हो सगळं."

तात्यांनी मला उतरवलं, घडी घातली आणि बाकावर ठेवलं. घरी लेकीला काय सांगितलं असेल, ते मला कधी कळलं नाही.

आता मी गाड्यांच्या सीटा पुसायचं फडकं आहे. बाबांनो, तुमच्यासाठी कोणी सावली आवरून उभं असेल, तर एकदा मान वर करून बघा. पण फडक्याचं कोण ऐकतंय!

मला धुऊन कुंपणावर टाकतात, तेव्हा कधी कधी तात्या पलीकडच्या रस्त्याने जाताना दिसतात. मैदानात कोणी चेंडूवर वाकलेलं दिसलं की ते आजही जागच्या जागी थांबतात. चेंडू थांबला की मग पुढे जातात.