ऑल्टर केलेला प्रकल्प

चोरी? आणि मी? बावीस वर्षं लोकांचे कपडे शिवतेय, उरलेली चिंधीसुद्धा गिऱ्हाइकाला परत देते. आणि माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेल्या मॅडम मला सांगतात, तुमच्या प्रकल्पातला एकसष्ट टक्के मजकूर दुसऱ्यांचा आहे! माझा पारा असा चढला की विचारू नका.

शिवणकामाच्या डिप्लोमाचं माझं शेवटचं वर्ष. पास झाले की कॉलेजच्याच शिवणवर्गात शिकवायची नोकरी पक्की होती. प्रकल्प नापास झाला तर वर्ष पाण्यात आणि नोकरी दुसऱ्या कुणाच्या पदरात.

मॅडमनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. पानंच्या पानं लाल झाली होती आणि शेजारी मूळ पुस्तकांतले परिच्छेद दिसत होते.

"अहो, एकही वाक्य जसंच्या तसं नाहीये," मी म्हटलं. लेकीनंच सांगितलं होतं, आई, चार शब्द इकडचे तिकडे केले की झालं. "एकेक ओळ बसून ऑल्टर केलीय मी!"

"ऑल्टर?" मॅडम हसल्या नाहीत. "ताई, दुसऱ्यानं शिवलेला कोट तुमच्याकडे येतो. तुम्ही कंबर आत घेता, बाही तोकडी करता. मग त्यावर तुमच्या दुकानाचं लेबल लावता का?"

मागच्याच वर्षी समोरच्या टेलरनं मी शिवलेल्या कोटावर आपलं लेबल ठोकलं होतं, तेव्हा भर रस्त्यात मी त्याची खरडपट्टी काढली होती. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"चार दिवस देते," मॅडम म्हणाल्या. "शब्दशः घ्याल ते अवतरणचिन्हांत टाका, लेखकाचं नाव आणि पान लिहा. आपल्या शब्दांत सांगितलंत तरी नाव द्यायचंच, विचार त्यांचा आहे ना! आणि तुमचं असेल ते मात्र छातीठोकपणे तुमचं म्हणा."

घरी जाऊन आधी लेकीवर बरसले. ती म्हणते, "अगं, आमच्या वर्गात सगळे असंच करतात."

"सगळे शेण खातात म्हणून तूही खाणार?" मी म्हटलं. तिनं मान खाली घातली आणि मुकाट्यानं पुस्तकं आणून दिली.

मग सगळा प्रकल्प उसवला. कोणती ओळ कुठून आली ते शोधताना नाकी नऊ आले. चाळीस पानांची सव्वीस झाली, पण प्रत्येक उसन्या गोष्टीपुढे तिच्या धन्याचं नाव होतं. नऊ नंबरचं पान मी नव्यानं लिहिलं: खांदे वरखाली असलेल्या माणसाचं माप कसं घ्यायचं.

तोंडी परीक्षेत मॅडम नेमक्या तिथंच थांबल्या. "इथं संदर्भ नाही. हे कुठून घेतलंत?"

"कुठूनच नाही. ते माझं आहे."

"नक्की? पुन्हा चूक निघाली तर मला काही करता येणार नाही."

"उठा बघू," मी म्हटलं आणि पर्समधून टेप काढली. त्यांच्या कमरेला सुतळी बांधली, सुतळीपासून दोन्ही खांद्यांपर्यंत मापं घेतली. "तुमचा उजवा खांदा अर्धा इंच खाली आहे. कापणारा दोन्ही बाजू सारख्या कापतो, म्हणून गळा उजवीकडे घसरतो आणि तुम्ही दिवसभर तो ओढत बसता. त्या बाजूला खांदा आणि बाही जोडायचा मुंढा दोन्ही अर्धा इंच खाली घ्यायचे. बावीस वर्षं बायकांची कुरकुर ऐकून शिकलेय हे."

मॅडमचा हात तेव्हाही गळ्याशीच होता. त्या खळखळून हसल्या, प्रकल्पावर 'पास' लिहून सही केली आणि ते पान पुन्हा वाचलं.

"मी मापांवर एक लेख लिहितेय," त्या जरा संकोचून म्हणाल्या. "त्यात हे घेतलं तर चालेल का, ताई?"

"चालेल की! न चालायला काय झालं?" मी टेप गुंडाळत म्हटलं. "फक्त माझं पूर्ण नाव लिहा. आणि पुढे, पान नऊ."